गुलालाचा फोटो झक्कास, पण लिंक कुठाय?

जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो कोण टाकत नाही? गुलालानं न्हालेला वाडी रत्नागिरीचा डोंगर, उंच सासनकाठ्या... लाइक्स पण येतात. पण समजा तुम्ही तिथं खोल्या भाड्यानं देता आणि 'यात्रेला कसं यायचं' असा लेख ब्लॉगवर लिहिलाय. तो किती जणांनी उघडला?

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक साधारणपणे दाबताच येत नाही. पिंटरेस्टवर मात्र प्रत्येक पिनला स्वतःची लिंक जोडता येते. शिवाय तिथं लोक शोधायला येतात, म्हणून जुनी पिनही सापडते.

मग करायचं काय? स्वतः काढलेला उभा फोटो घ्या, १००० बाय १५०० पिक्सेल. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, 'जोतिबा यात्रा: कोल्हापुरातून कसं जायचं'. नुसतं 'चांगभलं' लिहिलंत तर भक्ताला आवडेल, पण शोधणाऱ्याला सापडणार नाही. शीर्षकात आणि वर्णनातही तेच शब्द, मराठीत आणि इंग्रजीत. लिंक होमपेजची नको, थेट त्या लेखाची द्या.

आणि वेळ! यात्रेचा मुख्य दिवस चैत्र पौर्णिमेचा. आदल्या दिवशी पिन टाकून काही होत नाही, माघातच सुरुवात करा.

एक खरं सांगू? दरवर्षी येणारं आपलं गिऱ्हाईक फोनवरच खोली ठरवतं, त्याला पिंटरेस्ट लागत नाही. हे सगळं पहिल्यांदा येणाऱ्यासाठी. फुकटचं बिझनेस अकाउंट उघडा आणि महिन्यानं ॲनालिटिक्समध्ये 'आउटबाउंड क्लिक' बघा. किती जणांनी सेव्ह केलं ते नंतर.