चाळींतला जर्मन शिकारी

गिरगांवांतील जुन्या चाळीच्या गॅलरींतून एखादा लांबोडका, आखूड पायांचा कुत्रा तुरुतुरु जातांना दिसला, कीं लहानथोर हसूं लागतात. हा डॅशहुंड. लहान खोल्यांत मावतो, म्हणून मुंबईंतील कित्येक कुटुंबांनीं त्यास जवळ केलें आहे. परंतु त्या गमतीदार देहांत एक कसलेला शिकारी वसतो. ही गोष्ट आमच्या घरच्या मंडळींस उशिरां कळली. विद्यार्थ्यांस ती वेळेवर कळावी, एवढ्यासाठीं हा लेख.

जर्मन भाषेंत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंट’ म्हणजे कुत्रा. बॅजर हा जमिनींत बीळ करून राहणारा, बळकट नखांचा व दांतांचा प्राणी. त्याच्या बिळांत शिरतां यावें म्हणून जर्मन शिकाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही जात घडविली. बिळाबाहेरहि ती उपयोगी पडते. झुडपांतून सावज उठविणें, जखमी हरणाच्या रक्ताचा माग काढणें, हीं कामें हाच कुत्रा करतो. या जातीचा जर्मन संघ १८८८ सालीं स्थापन झाला. त्या देशांत त्याचा आकार छातीच्या घेरावरून ठरवितात. कारण बिळांत शिरतां येईल कीं नाहीं, हें छातीवरूनच ठरतें.

आतां त्याच्या स्वभावाकडे पाहा. जमिनीखालीं गेलेला कुत्रा धन्यास दिसत नाहीं. तो कोठें आहे हें त्याच्या भुंकण्यावरूनच समजतें. म्हणून त्याचा आवाज देहाच्या मानानें मोठा. बिळांत हुकूम देण्यास कोणी नसतो. पुढें जावें कीं थांबावें, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें. म्हणून तो स्वतंत्र बुद्धीचा. रानांत ज्या गुणांची वाहवा होते, तेच गुण चाळींत दोष ठरतात. दूधवाला आला कीं भुंकतो, गादी उकरतो, हांक मारली तरी विचार करून येतो. आणि आपण त्यास ‘हट्टी’ असें नांव ठेवून मोकळे होतों.

आमच्या मोतीच्या बाबतींत याच शब्दानें घात केला. एका पावसाळ्यांत तो जिना चढण्यास नाकारूं लागला. पाठ कमानीसारखी करून तो कोपऱ्यांत उभा राही, उचलूं गेल्यास थरथरे. “आज स्वारीचा हट्ट आहे,” असें म्हणून आम्ही हंसलों. तिसऱ्या दिवशीं खाटेवरून उडी मारतांच तो कळवळून ओरडला व मागचे पाय ओढूं लागला. तरीहि मुरगळलें असेल म्हणून आम्ही तेल चोळण्यांत एक रात्र दवडली. पशुवैद्यांनीं सांगितलें, कीं दुखणें पाठीच्या कण्याचें आहे. मणक्यांच्या मधल्या मऊ चकत्या या जातींत लहान वयांतच कठीण होऊं लागतात. त्यांतील एखादी फुटून मज्जारज्जूवर दाब पडला, म्हणजे पाय लुळे पडतात. जें ठेंगणेपण त्यास बिळांत नेतें, त्याच्याच पाठोपाठ ही उणीव आली आहे. सुमारें चारांतील एका डॅशहुंडास आयुष्यांत हा विकार गांठतो.

सहा आठवडे मोतीस लहानशा कुंपणांत निजवून ठेवावें लागलें. मुलांनीं पाळीपाळीनें जवळ बसून अभ्यास केला. तो पुन्हा चालूं लागला. पण त्याची मागची चाल अजूनहि डळमळते. ती पाहिली कीं त्या तीन दिवसांची आठवण होते.

ज्यांच्या घरीं असा कुत्रा आहे, त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. त्याचें वजन वाढूं देऊं नये. उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या अंगाखालीं धरावा. रोज चालवावें, पण डांबरी रस्ता तापण्यापूर्वीं. नाकास काम द्यावें. भाकरीचा तुकडा फडक्यांत लपवून शोधावयास लावलें, तर त्याचें पुष्कळसें भुंकणें कमी होतें. परळ-लालबागच्या सखल भागांत पावसाचें पाणी सांचतें. त्यांत उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतु येतात, आणि या ठेंगण्या कुत्र्याचें तर पोटच पाण्यांत बुडतें. म्हणून त्यास पाण्यांतून नेऊं नये व त्या रोगाची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. पाय लुळे वाटल्यास एक तासहि न दवडतां पशुवैद्याकडे जावें. परळ येथें १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईकरांस या विद्येसाठीं दूर जावें लागत नाहीं.

वर्गांत एखादा मुलगा उत्तर देईनासा झाला, म्हणजे ‘हट्टी’ हा शब्द माझ्या जिभेवर येतो. मग मला कोपऱ्यांत थरथरणारा मोती आठवतो, आणि मी त्या मुलास आधीं विचारतों, “बाळ, तुला कोठें दुखतें?”