तव्यावरील लेप : किती टिकतो, कशाने झिजतो

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा वसले आहे, तर दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दिवशी दोन्ही तीरांवर पुरणपोळीचा बेत असतो. एकेकाळी ही पोळी लोखंडी तव्यावर किंवा मातीच्या खापरावर भाजली जाई. गॅसची शेगडी आल्यानंतर काळ्या, गुळगुळीत लेपाचा तवाही घरोघरी येऊ लागला, आणि लग्नातील रुखवतातही त्याला स्थान मिळाले. नवा असताना या तव्यावरून पोळी अलगद सुटते. पुढे मध्यभागी राखाडी डाग दिसू लागतो, धिरडे चिकटते आणि दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. क्वचित तो त्याचा असतोही. बहुधा मात्र लेप संपविलेला असतो तो आचेने आणि घासणीने.

भांड्याला लेप देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पितळेच्या पातेल्यास कल्हई लावली जाई. कल्हईवाला भाता पेटवून भांडे तापवी, नवसागर टाकून आतील बाजू स्वच्छ करी व त्यावर कथील फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, हा दंडक घरातील वृद्ध स्त्रिया कटाक्षाने पाळीत. शास्त्रीय कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. उतरलेली कल्हई त्यांनी पाहिलेली होती. हाच दंडक आजच्या तव्यास तंतोतंत लागू पडतो.

या नव्या लेपाचे द्रव्य म्हणजे टेफ्लॉन. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी ते योगायोगाने गवसले. वायूने भरलेल्या नळकांड्यातून वायू बाहेर येईना, वजन मात्र कायम होते. नळकांडे कापले असता आत मेणासारखी पांढरी भुकटी आढळली. १९५०-६० च्या दशकात फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार यांनी ती ॲल्युमिनियमच्या तव्यावर बसविली. महाराष्ट्रात भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे ‘निर्लेप’ हा उद्योग सुरू केला. हे नाव इतके रूढ झाले की कोणत्याही कंपनीच्या अशा तव्यास आजही लोक ‘निर्लेपचा तवा’ म्हणतात. २०१८ मध्ये हा उद्योग बजाज इलेक्ट्रिकल्सने विकत घेतला.

ज्या द्रव्यास काहीच चिकटत नाही, ते स्वतः तव्यास कसे चिकटते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारील. त्यासाठी धातूचा पृष्ठभाग प्रथम मुद्दाम खरबरीत केला जातो. त्यावर पकड देणारा पहिला थर, मग वरचे थर देऊन तवा सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत भाजतात. एवढे करूनही लेपाची एकूण जाडी सर्वसाधारणपणे माणसाच्या केसापेक्षा कमीच भरते. लोखंडी सराट्याची धार, तारेची घासणी किंवा राख यांपुढे तो किती तग धरणार? तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतल्यास धातू झपाट्याने आकसतो, तवा वाकतो आणि लेपाची पकड ढिली होते. लाकडी उलथणे, मऊ कापड आणि तवा निवेपर्यंत थोडा धीर, एवढ्यावर त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. रोजच्या वापरात तो साधारणतः दोन ते पाच वर्षे काम देतो. निष्काळजी हाती वर्षभरातही निकामी होतो.

आच हा याहून गंभीर विषय होय. सुमारे २६० अंशांच्या पुढे लेप बिघडू लागतो आणि ३५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊन विषारी वाफा निघतात. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच या मर्यादेजवळ पोहोचतो. या वाफांनी पिंजऱ्यातील पक्षी दगावतात. माणसास ताप, थंडी व खोकला होऊ शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अशी भांडी अतितापवू नयेत व लेप झिजल्यास टाकून द्यावीत, असे सांगितले आहे. लेपाचा एखादा कण पोटात गेल्यास मात्र घाबरण्याचे कारण नाही. तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. पूर्वी हा लेप बनविताना वापरले जाणारे पीएफओए हे रसायन वेगळे. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये ते कर्करोगकारक ठरविण्यात आले.

ज्वारीच्या भाकरीसाठी हा तवा घेऊच नये. भाकरीस कडक, कोरडी आच लागते आणि तीच या लेपाची वैरी. भाकरीला लोखंडी तवाच योग्य. तेलाचा हात फिरत राहिला की तो वर्षागणिक सुधारतो. धिरडी, अंड्याची पोळी, तुपावर मंद भाजलेली पुरणपोळी यांस लेपाचा तवा सोयीचा. त्यातही तेलातून धूर निघण्यापूर्वीच आच कमी करावी.

लेप शिल्लक आहे की नाही, हे शाळेतील मुलांनाही पडताळता येईल. थंड तवा साबणाने स्वच्छ धुऊन कोरडा करावा व त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. लेप शाबूत असेल तेथे थेंब मोत्यासारखा गोल राहतो; झिजला असेल तेथे पसरतो. कधी कधी जळलेल्या तेलाचा तपकिरी थर साचल्यानेही अन्न चिकटते. कोमट पाणी, साबण व मऊ कापड यांनी तो निघाला, तर तवा अजून वापरण्याजोगा आहे.

कल्हई पुन्हा लावता येत असे; हा लेप गावात पुन्हा लावता येत नाही, कारण त्यास तशी भट्टी लागते. लेप सोलवटलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंचेचे सार किंवा टोमॅटोची भाजी शिजवू नये. आंबटाने धातू अन्नात उतरतो. असे भांडे स्वयंपाकातून काढून भंगारात द्यावे, किंवा कोंबड्यांपुढे दाणे ठेवण्यास वापरावे.