हस्तव्यवसायाच्या खोलीतील प्रकाशयोजना

हस्तव्यवसायाच्या तासाला एखाद्या मुलाचे कातरण वाकडे जाते, एखाद्या मुलीला सुईत दोरा ओवता येत नाही. अशा मुलांस आपण सहज धांदरट ठरवितो. तसा शेरा देण्यापूर्वी शिक्षकांनी त्या मुलाच्या जागी स्वतः बसून पाहावे. पुष्कळदा दोष हाताचा नसून उजेडाचा असतो. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत हाताच्या कामाचे महत्त्व वारंवार सांगितले गेले आहे. परंतु ते काम कोणत्या उजेडात करावयाचे, याचा विचार शाळेनेच करावयाचा आहे.

१. दिशा : नागापूर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो व उत्तरेच्या खिडकीतून सौम्य, स्थिर प्रकाश मिळतो. बारीक काम तेथे ठेवावे. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. तेवढ्यापुरता पडदा लावावा.

२. बैठक : उजव्या हाताने काम करणाऱ्यास प्रकाश डावीकडून, तर डावखुऱ्यास उजवीकडून मिळावा, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कामावर पडत नाही. परीक्षा सोपी आहे. कागदावर पेन्सिल धरण्यास सांगावे. टोकाशी गडद सावली दिसल्यास मुलाचे तोंड फिरवून बसवावे.

३. भिंती : आढे, कौले व भिंती यांवरील काजळी काढून पांढरा चुना द्यावा. कौलारू खोलीत काही कौले काचेची बसवावीत. काळ्या कापडावरील शिवणकामाखाली पांढरा कागद अंथरावा.

४. दिवा : दिवा आढ्याला टांगण्यापेक्षा कामाजवळ, आडोशासह असावा. त्याचे कारण पुढील प्रयोगाने वर्गास दाखवावे. पुठ्ठ्यास २ सें.मी. बाजूचे चौरस छिद्र पाडावे. अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून ५० सें.मी. अंतरावर मेणबत्ती ठेवून पुठ्ठा मधोमध धरावा. भिंतीवर सुमारे ४ सें.मी. बाजूचा चौरस उमटेल. ४ चौ. सें.मी. मधून गेलेला प्रकाश १६ चौ. सें.मी. वर पसरला, म्हणजे अंतर दुप्पट होताच उजेड एक-चतुर्थांश झाला. हेच उलट वाचले की, दिवा निम्म्या अंतरावर आणल्यास त्याच विजेत चौपट उजेड मिळतो. विज्ञान व गणित या दोन्ही विषयांशी याचा समवाय साधता येईल.

५. दक्षता : आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांस ते जाणवत नाही. परंतु अशा प्रकाशात वेगाने फिरणारे चाक मंद किंवा स्थिर भासू शकते. नागापूरला औद्योगिक वसाहत आहे. आपली काही मुले पुढे तेथील यंत्रांवर उभी राहतील. चाक थांबले की नाही हे केवळ नजरेने न ठरविता, यंत्र बंद करून पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

मंद उजेडाने दृष्टी कायमची जाते असे नाही. परंतु डोळे शिणतात, डोके दुखते आणि कामाची गोडी जाते. म्हणून मुलांकडूनच खोलीचा आराखडा काढवून घ्यावा. सकाळी, दुपारी व सायंकाळी सावल्या कोठे पडतात हे त्यावर नोंदवावे आणि त्याप्रमाणे बैठका मांडाव्यात. पावसाळ्यात व हिवाळ्यात हा आराखडा पुन्हा तपासावा.