जुने सैनिकी गणवेश : मूळ चिन्हांसह जतन

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात तोफा आणि तोफगोळे आजही पाहावयास मिळतात. विजापूरची सुप्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला हलविली जाईपर्यंत ती परंड्यास होती. धातूची आयुधे अशी शतकानुशतके टिकतात. ती चालविणाऱ्या शिपायांचा पोशाख टिकत नाही. कापड ऊन, दमट हवा आणि कसर यांना बळी पडते, तसेच ते घरातील स्वच्छतेच्या हौसेलाही बळी पडते. विसाव्या शतकातील सैनिकांचे गणवेश मात्र माजी सैनिकांच्या घरी, जुन्या ट्रंकांतून, अद्याप असू शकतात. ते हाती येताच प्रथम धुऊन, बटणे घासून, जीर्ण बिल्ल्याच्या जागी बाजारातून आणलेला नवा बिल्ला लावण्याचा मोह होतो. सद्हेतूने केलेल्या या उपचारानेच गणवेशाची बहुतेक माहिती पुसली जाते.

चिन्हे काय सांगतात

परंडा तालुका सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथे मिळणारा गणवेश संस्थानी फौजेचा, ब्रिटिश अमदानीतील भारतीय सेनेचा किंवा स्वतंत्र भारताच्या सेनेचा असू शकतो. खांद्यावरच्या पितळी पट्टीवर 'हैदराबाद' ही अक्षरे दिसली की तो निजामाच्या फौजेचाच, असा तर्क करणे घाईचे होय. ब्रिटिश भारतीय सेनेत १९२२ पासून १९ वी हैदराबाद रेजिमेंट होती. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचे कुमाऊँ रेजिमेंट असे नामांतर झाले. डिसेंबर १९४१ मध्ये मलायात जपानी सैन्याशी लढाई सुरू झाली, तेव्हा या रेजिमेंटची चौथी पलटण तेथे होती आणि संस्थानी फौजेची पहिली हैदराबाद इन्फंट्रीही कोटा भारूच्या विमानतळाच्या रक्षणास होती. नाव एक, रणभूमी एक, परंतु सेना दोन. अशा वेळी पट्टीवरील अंक, अक्षरांची घडण आणि बटणावरील चिन्ह यांवरच निर्णय अवलंबून असतो. घराण्यातील पूर्वज कोणाच्या चाकरीत होता, हा प्रश्न या भागात अजूनही हळवा आहे. तेथे चुकीची चिठ्ठी लावणे म्हणजे त्या माणसावर अन्याय करणे होय.

महार रेजिमेंटचे उदाहरण तितकेच बोलके आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे तिची पहिली पलटण उभी राहिली, तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाल्यावर त्यावर एकमेकींस छेदणाऱ्या मशीनगन आल्या; पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. दुसऱ्या महायुद्धातील गणवेशावर खंजिराचा बिल्ला लावला, तर तो गणवेश खोटे बोलू लागतो.

कालनिर्णयाची सर्वात सोपी खूण म्हणजे मुकुट. २६ जानेवारी १९५० पासून सेनेच्या चिन्हांतील ब्रिटिश मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. 'जमादार' हे पदनाम १९६५ मध्ये जाऊन 'नायब सुभेदार' आले. डिस्चार्ज बुकातील पदनाम या तारखांशी ताडून पाहावे.

हाताळणी

पहिले काम छायाचित्रणाचे. दोन्ही बाजू, अस्तर, कॉलरच्या आतील शिक्का, प्रत्येक बटण व बिल्ला यांची छायाचित्रे घेतल्याशिवाय कोणताही टाका सोडू नये. बाहीवरील फीत निघालेली असेल, तर तिच्या खालची खाकी न विटलेली दिसते आणि टाक्यांची छिद्रे राहतात. पूर्वी दोनच फिती होत्या व तिसरी नंतर आली, म्हणजे नाईकाचा हवालदार झाला, हे त्या छिद्रांवरून कळू शकते. म्हणून रिकामी जागा रिकामीच ठेवावी.

धुणे, ड्रायक्लीनिंग, इस्त्री आणि खळ ही चारही वर्ज्य. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधून व्हॅक्यूम क्लीनरने, कमी जोरावर, धूळ ओढून घेणे पुरेसे असते. पितळ चकाकविण्याचे द्रावण कापडात मुरून पांढरट-हिरवे डाग पाडते, आणि वारंवार घासल्याने बिल्ल्यावरील बारीक अक्षरे झिजतात. काळवंडलेले पितळ तसेच असू द्यावे. कातडी पट्ट्यावर बकलाभोवती हिरवा थर आला असल्यास तो लाकडी काडीने हलकेच खरवडावा. तेल लावू नये.

लोकरी कोटास कसर लागली असल्यास तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, उणे १८ अंश सेल्सिअसवर दोन आठवडे ठेवल्याने किडे व अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये. डांबरगोळ्या कापडास टेकू देऊ नयेत. फाटलेल्या भागास आतून सुती कापडाचा आधार देऊन, पुढे उसवता येईल असे सैल टाके घालावेत. नवे काम ओळखू आले तरी बिघडत नाही, किंबहुना ते ओळखू यावे.

ठेवण्यासाठी, खळ जाईपर्यंत धुतलेले मांजरपाट उत्तम. घड्यांमध्ये त्याच्या गुंडाळ्या घालाव्यात, म्हणजे कापड मोडत नाही. पावसाळ्यात पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर असावी. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत मांडावयाचा असल्यास खिडकीसमोर ठेवू नये; थोडे दिवस मांडून पुन्हा पेटीत ठेवावा.

प्रत्येक गणवेशासोबत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असावी : कोणाचा, कोणाकडून आला, कोणत्या दिवशी, आणि काय दुरुस्त केले. कुटुंबाने सांगितलेले आणि चिन्हांवरून दिसणारे वेगवेगळे नोंदवावे. पलटणीविषयी शंका असल्यास डिस्चार्ज बुकासह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. पहिल्या महायुद्धातील गणवेश आता शंभर वर्षांहून जुने झाले आहेत. ऐतिहासिक महत्त्वाची अशी वस्तू पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही.

प्रजासत्ताक दिनी एखाद्या विद्यार्थ्यास आजोबांचा मूळ कोट घालण्याची प्रथा टाळावी. घाम आणि ताण यांनी जुने शिवण एका सकाळीत उसवते. नाटुकल्यासाठी शिंप्याकडून नवा शिवून घ्यावा. सैनिक असल्याचा समज करून देण्याच्या हेतूने सैनिकी पोशाख वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शालेय प्रयोगास ते लागू होत नसले, तरी तो पोशाख प्रयोगापुरताच असावा.