८५७ किलोमीटर की ५४७? विजेच्या महागड्या मोटारींचा पल्ला कसा पडताळावा

विजेच्या मोटारी आता आपल्या बाजारातही आल्या आहेत. आमच्या वाचकांत पर्यटन गाड्यांचे मालक आहेत, गॅरेज चालवणारे कारागीर आहेत, जुन्या गाड्यांची देवघेव करणारेही आहेत. या सर्वांपुढे पहिला प्रश्न एकच येतो: एकदा चार्ज केल्यावर गाडी खरोखर किती जाते? जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण तो कोणत्या मापाने काढला हे बारीक अक्षरांत. कापड वाराने मोजले की मीटरने, हे न विचारता आपण भाव ठरवत नाही. इथेही तेच करावयाचे आहे.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. पुण्याजवळ चाकण येथे जोडणी झालेली मर्सिडीज ईक्यूएस ५८० ही मोटार सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत १ कोटी ५५ लाख रुपये होती. बॅटरी १०७.८ युनिटची. भारतीय चाचणीनुसार तिचा पल्ला ८५७ किलोमीटर जाहीर झाला. युरोपच्या चाचणीत याच मॉडेलचा आकडा पावणेसातशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ३४० मैल, म्हणजे ५४७ किलोमीटर. ८५७ आणि ५४७ यांत ३१० किलोमीटरचा फरक पडतो. कोणी खोटे बोलले असे नाही. मापेच तीन वेगळी आहेत.

या तिन्ही चाचण्या प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठेवून होतात. आपल्याकडची चाचणी संथ शहरी वाहतुकीवर बेतलेली होती. तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नव्हता. युरोपची चाचणी अर्ध्या तासाची, सुमारे २३ किलोमीटरची असते. तिच्यात वेग काही काळ १३१ पर्यंत जातो, पण सरासरी अवघी ४६ च्या आसपास राहते. खोलीचे तापमान २३ अंश, एअर कंडिशनर बंद. मे महिन्यात नागपुरात २३ अंश कुठून आणायचे, हे ज्याचे त्याने पाहावे! अमेरिकेत मात्र रोलरवर आलेला आकडा जसाच्या तसा छापत नाहीत. त्यातून साधारण तीस टक्के वजा करतात. कंपनीने जादा चाचण्या करून घेतल्या तर ही वजावट कमी होऊ शकते.

म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना एका गाडीचा भारतीय आकडा आणि दुसरीचा युरोपीय आकडा कधीही शेजारी ठेवू नये. एकाच मापाचे आकडे घेतले तरी काम पुरे होत नाही, कारण काही कंपन्या हात राखून आकडा सांगतात, तर काही ताणून सांगतात. अमेरिकेतील एडमंड्स ही संस्था गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर, बॅटरी संपत येईपर्यंत चालवून पाहते. २०२० सालची पोर्शे टायकान ४एस सरकारी आकड्यानुसार २०३ मैल जाणार होती. ती ३२३ मैल गेली. ईक्यूएसचेच ४५० प्लस हे भावंड ३५० मैलांचे होते, ते ४२२ मैल गेले. याच संस्थेच्या चाचण्यांत टेस्लाच्या अनेक गाड्या मात्र छापील आकड्याला पोहोचल्या नाहीत. दक्षिण कोरियात तर जानेवारी २०२३ मध्ये तेथील व्यापार आयोगाने टेस्लाला सुमारे २८५ कोटी वॉन दंड केला. थंडीत पल्ला किती घटतो हे ग्राहकाला नीट सांगितले नाही, असा ठपका होता.

पण एडमंड्सच्या रस्त्यात शहरी भाग जास्त, हेही ध्यानात असू द्यावे. कार अँड ड्रायव्हर हे मासिक ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चाचणी घेते. २०२३ मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबात विजेच्या गाड्या छापील अमेरिकी आकड्यापेक्षाही सरासरी १२.५ टक्के कमी भरल्या. कारण साधे आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १२० वर गेले की तो सुमारे पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो. टायरचे घर्षण तेवढे वाढत नाही, म्हणून एकूण खर्च दुप्पट होत नाही. पण पल्ल्याला मोठी कात्री लागते.

आता हा हिशेब समृद्धी महामार्गावर लावू. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे. तो जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि मोटारींना १२० ची मुभा आहे. ८५७ चा आकडा वाचून कोणीही म्हणेल, न थांबता पोहोचू. गणित करून पाहा. ७०१ किलोमीटर जायचे तर एका युनिटमागे साडेसहा किलोमीटर पडायला हवेत. अमेरिकी आकड्याने तर पाचच पडतात. शिवाय कोणी शहाणा माणूस बॅटरी शून्यावर नेत नाही. वाटेतला जलद चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो, म्हणून १० ते ८० टक्के एवढेच भांडवल हाती धरावे. म्हणजे सुमारे ७५ युनिट, गुणिले पाच, ३७५ किलोमीटर. नागपूरहून शंभर टक्के भरून निघाले तरी ४८५ च्या पुढचा भरवसा धरू नये, आणि १२० च्या वेगाने तर त्याहूनही आधी थांबावे. परतीला इगतपुरीचा चढ आहे. अडीच टनांची गाडी सहाशे मीटर वर चढवायला चार युनिट लागतात, म्हणजे वीस किलोमीटर तिथेच गेले. उतरताना त्यातले काही परत मिळते, सगळे नाही.

एअर कंडिशनरचे गणित उलटे असते. समजा तो तासाला दीड युनिट घेतो. ताशी १०० ने चाललात तर शंभर किलोमीटरला दीडच युनिट. मुंबईच्या कोंडीत ताशी २० ने सरकत असाल तर साडेसात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी डॅशबोर्डवरच्या उरलेल्या किलोमीटरच्या आकड्यावर सौदा करू नये. तो मागच्या मालकाच्या चालवण्यावरूनही येतो. बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागावा. मग गाडी भरून, माहितीच्या रस्त्यावर, एअर कंडिशनर लावून, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर चालवावी. एकाच दिशेने गेल्यास वारा आणि उतार फसवतात. पडद्यावर किती युनिट खर्च झाले ते पाहून किलोमीटरला भागावे. घरच्या मीटरवर पुन्हा भरताना दहा टक्क्यांच्या आसपास जास्त युनिट पडतील. ती चार्जिंगमधली घट आहे. ती गाडीच्या पल्ल्यात धरू नये, वीजबिलात मात्र धरावी.