मण्यांची माळ ओवण्याचा छंद



माणसाला एखादा तरी छंद असावा. कोणी तिकिटं जमवतं, कोणी पिसं जमवतं, कोणी चित्रं काढतं. आज आपण अशा एका छंदाची माहिती घेऊ, की ज्याला पैसे थोडे लागतात, जागा एका ताटाएवढी लागते, आणि शिकवणारं माणूस पुष्कळांच्या घरातच असतं. तो छंद म्हणजे मण्यांच्या माळा ओवणे.

मणी किती जुने?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. त्यांचा काळ सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा आपल्या देशात शेती नव्हती, मातीचं मडकंसुद्धा नव्हतं. म्हणजे नांगर धरण्याच्या कितीतरी आधी माणूस मणी ओवत होता!

आपल्या मुरबाड तालुक्याच्या हद्दीवर नाणेघाट आहे. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण आणि सोपारा बंदरांचा माल या घाटाने जुन्नर-पैठणकडे जात असे. त्या काळच्या पैठण आणि तेर या व्यापारी गावांच्या उत्खननात दगडाचे आणि काचेचे पुष्कळ मणी निघाले आहेत.

आपल्या पाड्यांवरच्या माळा

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा समाजांची वस्ती आहे. ठाकर समाजातल्या जुन्या बाया गळ्यात रंगीत काचमण्यांच्या पुष्कळ माळा घालीत. सोनं परवडत नसे, पण मण्यांनी गळा भरलेला असे.

काचमणी मात्र आपल्याकडे होत नाहीत. उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर हे गाव काचमण्यांसाठी प्रसिद्ध आहे. बारीक मणी करताना वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गुळगुळीत करतात. मणी बाहेरून आले, तरी ते कसे ओवायचे हे इथल्या बायांनी ठरवलं. दोन पांढरे, एक तांबडा, पुन्हा दोन पांढरे, असा हिशोब त्या कागदाशिवाय ठेवीत. शाळेत न गेलेल्या आजीचा मणी चुकत नाही. हेही गणितच आहे.

साहित्य

बारीक काचमणी दोन रंगांचे, बारीक सुई, मजबूत दोरा किंवा तंगूस, मेणाचा तुकडा, कात्री आणि एक ताट. ताटात ओला पंचा पसरावा म्हणजे मणी घरंगळत नाहीत. मणी विकत घेताना एक मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघावा. रंग उतरला तर ते मणी घेऊ नयेत, घामाने ते कपड्याला आणि मानेला लागतात.

कृती

1. आधी हिशोब करावा. एक मणी 2 मिलिमीटरचा आणि माळ 40 सेंटिमीटरची असेल, तर 200 मणी लागतील. चार पांढरे आणि एक तांबडा असा नमुना घेतला तर पाच मण्यांचा एक गट झाला. असे 40 गट. म्हणून पांढरे 160 आणि तांबडे 40.

2. दोरा माळेपेक्षा दोन्हीकडे एकेक वीत जास्त घ्यावा. दोऱ्याला मेण लावावं, म्हणजे तो पिंजत नाही.

3. पहिल्या मण्यातून दोरा दोनदा घालावा, म्हणजे मागचे मणी गळत नाहीत.

4. दर दहा गट झाले की थांबून मोजावं. चूक लगेच सापडली तर सगळी माळ उसवावी लागत नाही.

5. शेवटी दुहेरी गाठ मारावी. उरलेला दोरा पाच-सहा मण्यांतून परत ओढून घ्यावा आणि मगच कापावा. नुसत्या गाठीजवळ कापला तर गाठ सुटते.

रानातले मणी, आणि एक सावधगिरी

पैसे नसले तरी हा छंद अडत नाही. ओढ्याकाठी वाढणाऱ्या कसई नावाच्या गवताच्या दाण्यांना निसर्गानेच भोक दिलेलं असतं. कर्दळीचं आणि रिठ्याचं काळं बीही चालतं. मात्र ते फार टणक असतं, म्हणून भोक मोठ्या माणसाकडून पाडून घ्यावं.

पण गुंज घेऊ नये! लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज दिसायला फार छान. पूर्वी सोनार तिने सोनं तोलत. 8 गुंजांचा एक मासा आणि 12 माशांचा एक तोळा होई. पण गुंजेच्या आत जबर विष असतं. वरचं कवच टणक आहे तोवर ते आत राहतं. भोक पाडलं किंवा बी चावलं की विष बाहेर येतं. गुंजेला भोक पाडू नये आणि लहान भावंडांच्या हातात गुंजेची माळ देऊ नये. कोणी गुंज चावून गिळली तर घरगुती उपाय करत बसू नये, ती शिकून घेण्याची वेळ नव्हे. 108 नंबरला फोन करावा किंवा तडक सरकारी दवाखाना गाठावा. सोबत तसलं एक बी डॉक्टरांना दाखवायला न्यावं. काचमणीसुद्धा लहान मुलं नाकात-कानात घालतात, म्हणून काम संपलं की ते झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

हे काम फक्त मुलींचं का?

मुळीच नाही. सोन्याचे दागिने रेशमात गाठवून देणारे पाटवेकरी हे पुरुषच असत. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळही बापेच ओवतात. सुई धरायला दोन बोटं लागतात, ती सर्वांना आहेत.

आजीला विचारा

माळ तुटली तर पुन्हा ओवता येते. नमुना मात्र आजीच्या डोक्यातच असतो. तिला कोणी विचारलं नाही, तर तो तिच्याबरोबर जाईल. काही जणांना जुन्या माळांची लाज वाटते, त्या माळा पेटीत पडून राहतात. पालकांनो, त्या मोडीत देऊ नका किंवा फेकू नका, मुलांना दाखवा.

मित्रांनो, गणिताची चौकटीची वही घ्या. एका मण्याला एक चौकट धरा आणि आजीच्या माळेचा नमुना रंगवा. खाली तिने सांगितलेलं नमुन्याचं नाव लिहा. असे नमुने या भित्तिपत्रकाशेजारी लावू. पुढच्या वर्गातली मुलं त्यावरून माळ ओवतील.

सांगा पाहू: 2 मिलिमीटरच्या मण्यांची 45 सेंटिमीटरची माळ करायची आहे. नमुना चार पांढरे, एक तांबडा. तर तांबडे मणी किती लागतील? उत्तर तोंडी नको, ओवून दाखवा!