घर आमचं, ड्रॉइंग डिझायनरचं!

आपण सिव्हिलला ॲडमिशन घेतली की घरच्यांना एक फुकटचा इंजिनिअर मिळतो. मागच्या वर्षी आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटचं काम काढायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, "डिझायनरशी तूच बोल, तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं किती कळतं ते मलाच माहीत! बीम आणि कॉलम यांच्यामध्ये माणसं राहतात, हे कुठल्याच सेमिस्टरला परीक्षेत येत नाही. तरी हो म्हटलं. त्या चार महिन्यांत जे शिकले (बरंचसं चुका करून) ते इथे लिहिते आहे. आज ना उद्या तुमच्याही घरी हा प्रसंग येणारच.

काम काढायचं कारण होतं आजी. ती पेणजवळच्या गावी एकटी राहायची. न्हाणीच्या पायरीवर पाय घसरून तिचं मनगट मोडलं आणि बाबा तिला पनवेलला घेऊन आले. पण "प्लास्टर निघालं की मी आपली जाते" हे तिचं पालुपद रोज चालूच. आमच्याकडे तिला बाथरूमला जायची भीती वाटायची आणि दिवसभर करायला काही नसायचं. म्हणजे घर सुंदर करणं हा प्रश्न नव्हताच. आजी राहील असं घर करणं हा खरा प्रश्न होता.

१. आधी यादी, मग कॅटलॉग

डिझायनर मॅडमनी पहिल्या भेटीत दोन पानी इंग्रजी फॉर्म दिला. तुमची स्टाइल कोणती, मॉडर्न की ट्रॅडिशनल? आवडते रंग कोणते? मी दहा मिनिटांत भरून टाकला. मॉडर्न, पांढरा, ग्रे. आजीने विचारलं, "काय लिहिलंस वाचून दाखव." मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे भाषांतर करताना माझी तारांबळ. सगळं ऐकून ती म्हणाली, "रंगाचं मागाहून बघ गं. मी भाजी निवडायला कुठे बसू ते विचार त्यांना."

झालं! फॉर्म बाजूला ठेवला आणि मी तिचा अख्खा दिवस वहीत उतरवून घेतला. पहाटे पाचला उठते, तेव्हा दिवा लावायला भिंत चाचपावी लागते. देवाला फुलं काढते, त्यासाठी खिडकीत ऊन हवं. दुपारी पडताना वाऱ्याची झुळूक हवी. डबे फडताळात हातालगत हवेत, वरच्या कपाटात नकोत. मग आईचा, बाबांचा आणि माझाही दिवस लिहिला. फडताळ, कोनाडा हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले.

ती चार पानं वाचून मॅडमनी आधीचा लेआउट स्वतःहून बदलला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. डिझायनर मनकवडा नसतो. कोण किती वाजता उठतं, कुठे बसतं, काय उचलतं, कशाची भीती वाटते हे आपण सांगायचं. त्याचं ड्रॉइंग करायचं काम त्यांचं.

२. मापं माणसांची घ्या

तयार किचनचा ओटा साधारण ३४ इंच, म्हणजे ८६ सेंमी उंच असतो. पण कोणाच्या मापाने? साधा नियम असा की उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवायचा, जमिनीपासून कोपराची उंची मोजायची आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा करायचे. आईचं कोपर १०१ सेंमीवर, म्हणजे तिला ८६ ते ९१ चालेल. आजीचं ९१ वर, म्हणजे तिला ७६ ते ८१. एक ओटा दोघींना बरोबर बसणं शक्यच नाही! शेवटी मुख्य ओटा आईच्या मापाचा केला आणि खिडकीपाशी ७२ सेंमी उंचीचं, खाली पाय जातील असं बसून काम करायचं टेबल केलं. सगळ्या कामात सर्वात स्वस्त वस्तू हीच, आणि सर्वात जास्त वापरात असलेलीही हीच.

स्वयंपाकघर मोजून आखायची कल्पना तशी नवी नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं किचन आखलं. त्यासाठी बाईची पावलं आणि कामाला लागणारा वेळ यांचा अभ्यास केला होता, रेल्वेच्या डायनिंग कारचं किचनही डोळ्यासमोर होतं. अशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सापडतं. गंमत म्हणजे तोपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं या बाईंनीच पुढे सांगितलं होतं! मापं अचूक, पण सगळ्यांना एकच. आपल्याला आपल्या घरापुरती तरी वेगळी घेता येतात.

३. थ्रीडी व्ह्यू आणि खडू

लॅपटॉपवरचा थ्रीडी व्ह्यू बघून आम्ही सगळे खूश झालो. पण त्यातला कॅमेरा वाइड अँगलचा असतो, त्यामुळे १० बाय १० ची खोली हॉलएवढी दिसते. मॅडमच्या असिस्टंटने एक युक्ती सांगितली. खोली रिकामी करायची आणि प्लॅनमधला पलंग, कपाट, दाराची झडप सगळं खडूने जमिनीवर खऱ्या मापात काढायचं. काढलं. सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवल्यावर आजीला जायला ४५ सेंमीची फट उरत होती! चालायची वाट निदान ९० सेंमी तरी हवी. पलंग चार फुटांचा झाला. खडूचा खर्च पाच रुपये.

४. भिंत पाडणं हे कोणाचं काम?

हॉल आणि किचनमधली भिंत पाडून ओपन किचन करू, अशी सूचना आली. इथे मात्र माझे कान टवकारले. आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंगमध्ये वजन बीम-कॉलम घेतात, मधली साडेचार इंची भिंत बहुधा फक्त पडदा असते. पण जुन्या लोड बेअरिंग बांधकामात विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला असतो. भिंतीवर टकटक करून हे कळत नाही. त्यासाठी मूळ ड्रॉइंग्ज, स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी, सोसायटीची एनओसी आणि लागेल तिथे महापालिकेची मंजुरी हवी. कॉलम, बीम, स्लॅबला तर हातच लावायचा नाही. आम्ही भिंत ठेवली.

लाद्यांचं गणित तर तुम्हीही करू शकता. जुन्या लादीवर ४० मिमी मसाला आणि १० मिमीची नवीन टाइल घातली तर दर चौरस मीटरला अंदाजे १०० किलो वजन वाढतं. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी लाइव्ह लोड २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलाय. म्हणजे माणसं आणि सामानासाठी धरलेल्या वजनाच्या निम्मं आपण नुसत्या लाद्यांनीच वाढवतो! जुन्या लाद्या काढून डेब्रिज खाली उतरवणं महाग पडतं म्हणून ठेकेदार हा सल्ला देतो. ऐकू नका.

५. पाणी

पनवेलला राहणाऱ्यांना पावसाबद्दल मी काय सांगणार! चार महिने पश्चिमेची भिंत ओल धरते. तिला चिकटवून कपाट केलं की आतल्या कपड्यांना बुरशी. म्हणून कपाट शक्यतो आतल्या भिंतीला, नाहीतर मागे दोन-तीन सेंमी फट. प्लायवूड घेताना 'एमआर' म्हणजे वॉटरप्रूफ असं समजू नका. तो फक्त दमटपणा सहन करतो. सिंकखाली आयएस ७१० चा मरीन ग्रेड घ्या आणि शिक्का स्वतः बघा.

बाथरूममध्ये उंबऱ्याची पायरी काढून टाकली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारापाशी आडवी जाळी आणि मीटरला दीड सेंमी उतार. कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा. दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अंगावरच अडतं. वॉटरप्रूफिंगनंतर तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवलं आणि खालच्या काकूंच्या छताकडे बघत बसलो. ही टेस्ट लाद्या बसायच्या आधी घ्यायची, नंतर नाही!

आणि माझी चूक? टाइल मी निवडली. चकचकीत, थ्रीडीमध्ये सुंदर. पहिल्याच दिवशी ओल्या फरशीकडे बघून आजी दारातूनच मागे फिरली. दोन दिवस तिने शेजारच्यांचं बाथरूम वापरलं. ती फरशी उखडून मॅट, खरखरीत टाइल घातली. दुप्पट खर्च, आणि बाबा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

६. पैसे आणि कागद

'आर्किटेक्ट' ही पदवी १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. 'इंटिरियर डिझायनर'ला तसं बंधन नाही. म्हणून त्यांनी आधी केलेली दोन घरं जाऊन बघा, आणि तिथल्या माणसांना बाजूला घेऊन विचारा. फी टक्क्याने, चौरस फुटाने की ठोक, ते आधी लिहून घ्या. टक्क्याने असेल तर महाग वस्तूने फी पण वाढते हे लक्षात ठेवा. फर्निचर, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगची वेगवेगळी ड्रॉइंग्ज मागा. प्रत्येक वस्तूचा दर, माप, ब्रँड असलेलं बीओक्यू घ्या. बदल झाला की त्याच दिवशी लेखी. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के सगळ्या बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावरच.

हे सगळं करताना एक दिवस हार्बरच्या गाडीने बेलापूरला जाऊन आले. तिथे सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत आहे. लहान लहान घरं चौकाभोवती, पण कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही. का? तर कुटुंब वाढेल तसं त्यांनी आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. लोकांनी खरंच वाढवलंय, काहींनी तर पाडून नवीन बांधलंय. एवढा मोठा आर्किटेक्ट, पण राहणाऱ्यांसाठी जागा सोडून गेला. चांगला डिझायनर असाच असावा, आणि त्या सोडलेल्या जागेत काय भरायचं हे सांगायला आपणही तयार असावं.

आमचं घर काही मासिकात छापण्यासारखं झालेलं नाही. पण आजीचं प्लास्टर निघून आता आठ महिने झाले. परवा ती खिडकीपाशी मेथी निवडत होती. मी मुद्दाम विचारलं, "आजी, गावी कधी निघालीस?" ती म्हणाली, "बघू गं, शिमगा झाल्यावर." शिमगा होऊन गेला. अजून इथेच आहे!